मदत हवी आहे: मैफलीत विलंबित एकताल ऐकताना सम निसटते

शास्त्रीय गायनाच्या मैफलींना जाऊन आल्यावर मी काय ऐकलं ते मित्रमंडळींसाठी लिहून काढते. रागाची बढत, आवाजाचा लगाव, तानांचा पल्ला याबद्दल लिहिता येतं. अडतं ते लयीपाशी. बडा ख्याल (संथ लयीतली मुख्य रचना) अतिविलंबित, म्हणजे फारच संथ, एकतालात असला की बारा मात्रांचं (ठोक्यांचं) एकेक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, जवळपास मिनिटभराचं होतं आणि त्यात मी हरवते. समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, सभागृहातून दाद येते तेव्हा मी अजून शोधतच असते. ती जागा कशी गाठली, हेच तर लिहायचं असतं!

बाराही मात्रांचा ठेका (तबल्याच्या बोलांची ठरलेली रचना) पाठ आहे. बोटांवर मोजून पाहिलं, पण मोजण्यात गाणंच सुटलं. मग चौथ्या आणि दहाव्या मात्रेवरचा 'तिरकिट' हा बोल खूण म्हणून धरला. तो ऐकू येतो, पण त्यातला पहिला कोणता नि दुसरा कोणता हे कळत नाही. पहिल्यानंतर 'तू ना' येतं, दुसऱ्यानंतर 'धी ना', हे माहीत आहे; तबलजींनी मात्रांमधल्या मोकळ्या जागा जास्तीच्या बोलांनी भरायला सुरुवात केली की तो फरक पुसट होतो. तीनतालात, द्रुत बंदिशीत हा त्रास नाही.

ध्वनिमुद्रणाला परवानगी नसते, त्यामुळे घरी परत ऐकून पडताळता येत नाही. तबला शिकणं सध्या शक्य नाही.

न मोजता हे दोन 'तिरकिट' कानाने वेगळे कसे ओळखायचे? डग्ग्याकडे (तबल्याच्या जोडीतल्या खर्जाच्या वाद्याकडे) लक्ष ठेवायचं, की गायकाचा मुखडा (समेकडे नेणारी बंदिशीची सुरुवातीची ओळ) कुठून उचलला जातो त्याकडे?