मनगट मोडले आणि डेक्साचा अहवाल आला. गोळी सुरू करण्यापूर्वी काही शंका आहेत

नमस्कार. माझे वय 62 वर्षे असून रजोनिवृत्तीला बारा वर्षे झाली आहेत. तीन महिन्यांपूर्वी ओल्या फरशीवर पाय घसरला, तोल सावरताना हात आपसूक पुढे गेला आणि उजवे मनगट मोडले. प्लास्टर निघाले, हात आता बराच चालतो. मात्र उभ्या उभ्या पडून हाड मोडणे साधी गोष्ट नव्हे, असे सांगून अस्थिरोगतज्ज्ञांनी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी करून घेतली. तिच्यात कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोर (निरोगी तरुण व्यक्तीच्या हाडांच्या घनतेशी तुलना करणारा आकडा) उणे 1.6 आणि खुब्याचा उणे 2.7 आला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 1994 मध्ये घालून दिलेल्या निकषांनुसार उणे 2.5 किंवा त्याखालचा आकडा म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, अर्थात हाडांचा ठिसूळपणा; त्यामुळे माझा कणा रेषेच्या अलीकडे आणि खुबा पलीकडे, अशी स्थिती आहे.

मला याचे आश्चर्य अशासाठी वाटते की, मी हाडांची काळजी घेत नव्हते असे नाही. गेली पंधरा वर्षे रात्री झोपताना 500 मिलिग्रॅम कॅल्शियमच्या दोन गोळ्या एकदम घेते, आठवड्यातून पाच दिवस पोहते आणि रोज सकाळी गुडघे न वाकवता पायाचे अंगठे धरण्याचा व्यायाम पंचवीस वेळा करते. धूम्रपान नाही, स्टेरॉइडची औषधे कधी घेतलेली नाहीत, थायरॉइडची तपासणीही व्यवस्थित आहे. आईला मात्र उतारवयात बाक आला होता आणि 78 व्या वर्षी तिचा खुबा मोडला होता.

आणखी एक बारीकशी बाब. डेक्सापूर्वी उंची मोजली तेव्हा ती 154 सेंटिमीटर भरली. नोकरीला लागतानाच्या वैद्यकीय तपासणीच्या कागदावर 158 लिहिलेले आहे. हे सांगितल्यावर तंत्रज्ञांनी टाचा भिंतीला टेकवायला लावून पुन्हा मोजली, तरी आकडा तोच आला. वयानुसार माणूस थोडा खुजा होतोच, म्हणून मी तो विषय तिथेच सोडला.

डॉक्टरांनी हाडांची झीज रोखणारी ॲलेंड्रोनेट 70 मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा लिहून दिली आहे. चार गोळ्यांची ती पट्टी तीन आठवडे टेबलाच्या खणात तशीच पडून आहे, कारण माझी खालची एक दाढ काढायची आहे आणि या औषधाने जबड्याचे हाड खराब होते असे वाचनात आले आहे. कणा बऱ्या स्थितीत असल्यामुळे गोळी टाळून कॅल्शियम आणि व्यायाम वाढवला तर चालेल का, दाढेचे आधी करावे की गोळीचे, आणि पोहणे पुरेसे नसेल तर काय करावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद 1

मी फिजिओथेरपिस्ट असून हाडे ठिसूळ झालेल्या रुग्णांबरोबर बरीच वर्षे काम केले आहे. आपण ज्या बाबीला बारीकशी म्हणता, तिथेच मी थांबलो. तरुणपणापेक्षा उंची चार सेंटिमीटरने घटली असेल तर एखादा मणका दबलेला नाही ना, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. मणक्याचे असे अस्थिभंग बहुधा पडल्याशिवायच होतात आणि पाठ धरली एवढ्यावर निभावून नेले जातात. कण्याचा चांगला आकडाही फसवा असू शकतो. वयाबरोबर मणक्यांच्या कडांवर वाढलेले हाड आणि दबून घट्ट झालेला मणका, दोन्ही डेक्सात घनता म्हणूनच मोजले जातात. निदान कमी असलेल्या आकड्यावरून करतात, म्हणजे आपल्या बाबतीत खुब्यावरून. डॉक्टरांना उंचीचे सांगून पाठीच्या मणक्यांचा बाजूने घेतलेला एक्स-रे काढता येईल का, हे विचारावे.

तोपर्यंत अंगठे धरण्याचा व्यायाम कृपया आजपासून बंद करावा. पुढे वाकताना सगळा दाब मणक्याच्या पुढच्या भागावर येतो आणि ठिसूळ मणका तिथेच चेपतो. पोहणे हृदयाला उत्तम. हाडाला मात्र भार लागतो, आणि पाण्यात शरीर तरंगत असल्याने तो फारसा मिळत नाही. (अंतराळात तर भारच नसतो, तिथे राहणाऱ्या, भल्याभक्कम अंतराळवीरांच्या खुब्याची घनता महिन्याला एक टक्क्याच्या आसपास घटते.) भरभर चालणे, जिने चढणे, खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणे, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवत नेलेली वजने आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम, असा क्रम ठेवावा. तोलाचे व्यायाम लोकांना क्षुल्लक वाटतात, पण जो पडत नाही त्याचा खुबा सहसा मोडत नाही.

प्रतिसाद 2

गोळीविषयी थोडेसे. साठीनंतर जुने हाड खाणाऱ्या पेशींचा वेग नवे हाड घालणाऱ्यांपेक्षा जास्त असतो. कॅल्शियम हा केवळ कच्चा माल आहे, तो हा वेग पुरेसा रोखू शकत नाही, आणि ॲलेंड्रोनेट नेमके ते काम करते. अस्थिभंग होऊन गेलेला असताना ती टाळणे मला योग्य वाटत नाही. जबड्याचा त्रास या मात्रेत अत्यंत विरळ आहे, वर्षाला दहा हजारांत एक किंवा त्याहूनही कमी. तरीही दाढ आधी काढून जखम भरू द्यावी आणि मग गोळी सुरू करावी. मात्र दंतवैद्यांची वेळ याच आठवड्यात घ्यावी, नाहीतर पट्टी खणातच राहील. गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि नंतर किमान अर्धा तास आडवे व्हायचे किंवा काही खायचे नसते, कारण ती अन्ननलिकेत रेंगाळली तर तिथे जखम होते. कॅल्शियम तिच्यासोबत घेऊ नये. शिवाय एका वेळी सुमारे 500 मिलिग्रॅमपर्यंतच कॅल्शियम नीट शोषले जाते, त्यामुळे आपल्या दोन गोळ्या दोन वेळांना विभागाव्यात आणि अन्नातले धरून दिवसाची बेरीज 1200 च्या आसपास ठेवावी. ड जीवनसत्त्वाची पातळीही तपासून घ्यावी.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल एक्स-रे झाला. पाठीचा बारावा मणका पुढच्या बाजूने पाचरीसारखा चेपलेला आहे. दोन वर्षांपूर्वी एक जड खोका उचलल्यावर पंधरा दिवस पाठ दुखली होती, तेव्हाचा तो असावा असे डॉक्टरांचे मत पडले. दाढ येत्या सोमवारी काढायची असून जखम भरली की गोळी सुरू होईल. आता एवढेच विचारायचे आहे की, जमिनीवर पडलेली वस्तू उचलताना पाठ न वाकवता खाली कसे जावे. गुडघ्यात बसू लागले तर तोल जातो आणि कमरेतून वाकायची तर भीती बसली आहे.