मालिकांमधली मुलं एवढ्या लवकर बरी कशी होतात?

सायसाखर: माझ्या धाकट्या बहिणीला चौदाव्या वर्षी ॲनोरेक्सिया झाला, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने जेवणच तोडायचा आजार. तेव्हापासून किशोरांच्या मालिकेत हा विषय निघाला की पोटात गोळा येतो. आजारपण नीट दाखवतात, पण बरं होणं मात्र उरकून टाकतात. 'गॉसिप गर्ल'मध्ये २००७ साली थँक्सगिव्हिंगच्या भागात नायिका ब्लेअरचा बुलिमिया, म्हणजे भरमसाट खाऊन मुद्दाम उलट्या काढायचा आजार, समोर येतो, आणि पुढे त्याचं नावही क्वचितच निघतं. 'हार्टस्टॉपर'ने फार जीव लावून केलंय. तरी तिसऱ्या सीझनमध्ये (२०२४) ॲनोरेक्सिया झालेल्या चार्ली या मुलाचं क्लिनिकमधलं राहणं एका भागात आटोपतं.

आमच्याकडे बरं होणं म्हणजे अर्धा पेला दूध आणि पाऊण तास. आई समोर बसलेली. बहीण पेल्याच्या काठावरून बोट फिरवत राहायची, दुधावर साय धरायची. शेवटी प्यायची आणि ढसाढसा रडायची. दोन-तीन तासांनी पुन्हा तेच. महिनोन्महिने. हे कुणीच का दाखवत नाही?

पाऊलवाट: असहमत. मालिका म्हणजे उपचारांचं पुस्तक नव्हे. पाऊण तासाचा पेला दाखवला तर सोळा वर्षांचं पोर चॅनेल बदलेल. शिवाय बारकावे अंगाशी येतात. 'स्किन्स' मालिकेत (२००७) हाच त्रास असलेली कॅसी न जेवता जेवल्याचं कसं भासवायचं ते तिच्या मित्राला, सिडला करून दाखवते. अभिनय अप्रतिम, पण आजारी मुलीच्या हाती आयती युक्ती पडली! त्यापेक्षा 'हार्टस्टॉपर'ने केलं ते बरं. तुझ्या प्रेमाने चार्लीचा आजार जाणार नाही, हे त्याच्या प्रियकराला, निकला कळतं. तेवढं एक पोचलं तरी खूप झालं.

उंबरठा: पाऊलवाट यांना अनुमोदन. माझा मुलगा चार्लीला बघून म्हणाला, "आई, मला असंच होतं." मुलग्यांनाही हा आजार होतो हे तोवर मलाच माहीत नव्हतं. त्या एका वाक्यावर आम्ही डॉक्टर गाठला.

काजळरेघ: मला तर वाटतं, विषयच नको. फिजीच्या नाड्रोगा भागात १९९५ साली टीव्ही आला. तीन वर्षांनी पाहणी केली तेव्हा ११.३ टक्के शाळकरी मुलींनी वजन कमी करायला मुद्दाम उलट्या केल्याचं सांगितलं. टीव्ही येण्याच्या सुमारास हा आकडा शून्य होता. पडद्याला इतकं हलक्यात घेऊ नका.

सायसाखर: काजळरेघ, ती पाहणी मीही वाचली आहे. पण तिथल्या मुली पडद्यावरच्या सडपातळ, झकपक बायकांसारखं व्हायला बघत होत्या. ताटासमोर रडणारी मुलगी त्यांना कुणी दाखवलीच नव्हती. तुमचा मुद्दा उलट माझ्याच बाजूने जातो.

उंबरठा, तुमच्या मुलाचं वाचून भरून आलं. तो आता कसा आहे?

पाऊलवाट, युक्त्या आणि वजनाचे आकडे नकोतच, त्यावर वाद नाही. मी आजाराचे नाही, उपचारांचे बारकावे मागतेय. लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलमध्ये १९८०च्या दशकात जी पद्धत घडली, तिच्यात आधी आईवडील जेवणाचा सगळा ताबा घेतात, मग हळूहळू तो मुलाच्या हाती परत देतात. सहा महिने ते वर्षभर चालतं हे. ज्या मुलीला आईचा शब्द नकोसा झालाय, तिच्यासमोर आईच ताट वाढून बसते. याहून मोठं नाट्य कुठे मिळणार?

पाऊलवाट: नाट्य आहे, मान्य. पण मग ती आईची मालिका झाली. किशोरांच्या मालिकेत मोठी माणसं मागे राहतात, आणि मुलं त्याचसाठी ती बघतात. आपलं माणूस पडद्यावर दिसलं म्हणूनच उंबरठांचा मुलगा बोलला ना?

उंबरठा: आधीपेक्षा पुष्कळ बरा आहे, सायसाखर. पण रात्रीच्या जेवणाला अजूनही मला शेजारी बसवतो.

सायसाखर: बसा. आमची आई दीड वर्ष बसली. परवा बहिणीबरोबर 'हार्टस्टॉपर'चा तो भाग पुन्हा पाहिला. तिला चार्ली फार आवडतो, पूर्णवेळ डोळे पुसत होती. संपल्यावर मात्र म्हणाली, "ताई, जेवणानंतरचा तो तास कुठेय गं? आपण पत्ते खेळायचो तो?"