उथळ डाइव्हनंतर विमान : १२ तास खरंच थांबायला हवं?

संथलाट : स्कूबा डाइव्ह (सिलिंडर लावून पाण्याखाली जाणं) कितीही उथळ असो, नंतर २४ तास विमान नको, हा सरसकट सल्ला मला पटत नाही. ६ मीटरवर २५ मिनिटांची एकच डाइव्ह धरा. पाण्याच्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन शरीराच्या ऊतींत मुरतो. १२० मिनिटं अर्धकाळ असलेली, म्हणजे तेवढ्या वेळात निम्मी भरणारी संथ ऊती २५ मिनिटांत जेमतेम १३ टक्के भरते. ५ मिनिटांवाली पूर्ण भरते, पण वर आल्यावर तासाभरात रिकामीही होते. यूएस नेव्हीचे तक्तेसुद्धा शिल्लक नायट्रोजनच्या गटानुसार थांबायचा वेळ ठरवतात. सकाळी डाइव्ह, दुपारी विमान, यात बिघडलं कुठे?

दाबमापक : बिघडतं ते विमानाच्या केबिनमध्ये. दाब उतरला की अंगात मुरलेल्या वायूचे बुडबुडे बनू शकतात. तिथला दाब ८,००० फुटांवरच्या हवेइतका, म्हणजे सुमारे ०.७५ अ‍ॅटमॉस्फिअरपर्यंत उतरू शकतो. ६ मीटरवर तो १.६ असतो. गुणोत्तर २.१३. समुद्रसपाटीच्या हिशेबात हे ११ मीटरवरून वर येण्यासारखं झालं. शिवाय २४ तासांचा आग्रह कुणाचा? ‘डॅन’ या डाइव्हर्सच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या २००२ च्या सूचना बघा : डिकॉम्प्रेशन थांबे (वर येताना वायू निघून जावा म्हणून मध्येच थांबणं) न लागणारी एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास, दिवसात अनेक किंवा सलग काही दिवस डाइव्ह असतील तर १८, थांबे घ्यावे लागले तर त्याहून बरेच जास्त.

संथलाट : तुमचं गुणोत्तर पाण्यातून थेट केबिनमध्ये गेल्यासारखं धरलंय. मधले चार-पाच तास हिशेबात कुठे आहेत?

दाबमापक : मान्य, त्या तासांत बराच वायू निघून जातो. पण या सूचनांमागचे दाब कमी-जास्त करता येणाऱ्या चेंबरमधले प्रयोग कोरड्या जागी, आराम करणाऱ्या माणसांवर झाले. तुम्ही थंड पाण्यात पाय मारता, वर येऊन सिलिंडर उचलता. ती तफावत तुमच्या तक्त्यात कुठे दिसते?

निळाई : ‘उथळ’ शब्दावर विसंबून राहू नका. प्रशिक्षणात ५ मीटरवरून दहा वेळा वर-खाली होतं. प्रत्येक वेळी वर येताना बुडबुडे बनायला नवी संधी. चार दिवस रोज तीन डाइव्ह केल्या तर संथ ऊतींत साठा उरतो, मग खोली ८ मीटर असली तरी १८ तास हवेतच. नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन, कमी नायट्रोजन असलेली हवा) वापरला म्हणूनही ते कमी करू नका. आणि विमानतळाच्या वाटेवर ६०० मीटरहून उंच घाट लागत असेल, तर तोही उड्डाणातच धरा.

संथलाट : सलग दिवसांचा मुद्दा मान्य, तिथे १८ तास बरोबर. एकट्या उथळ डाइव्हला १२ जास्तच वाटतात, पण नवशिक्याला मीही १२ च सांगेन.

निळाई : खांदा दुखणं, मुंग्या, अंगावर चट्टे, न झेपणारा थकवा यातलं काही असेल तर तास मोजूच नका. विमान रद्द, १०० टक्के ऑक्सिजन सुरू आणि डाइव्हिंगच्या डॉक्टरांना फोन.