लिसन आणि बाइंडच्या ओळी: काय बिघडतं, लॉगमध्ये काय दिसतं

धागाकर्ता
इंजिनएक्स या वेब सर्व्हरच्या प्रॉक्सी_पासवर, म्हणजे विनंती मागे पाठवणाऱ्या ओळीवर, इथे चिक्कार लिहून झालंय. जोडणी मुळात आत येते ती लिसनच्या ओळीतून (विनंत्या अनेक सर्व्हरांत वाटणाऱ्या एचएप्रॉक्सीत बाइंड), तिच्यावर मात्र फारसं नाही. ओळ काय होती, लॉगमध्ये काय आलं, काय बदललं, एवढंच लिहा. मॅनेजर काय म्हणाला ते नको. सुरुवात मी करतो.

इंजिनएक्स आधी पत्ता आणि पोर्ट जुळवतो, सर्व्हर_नेम (साइटचं डोमेन) त्यानंतर. पाच साइट्स नुसत्या 'लिसन ८०' वर आहेत आणि सहावीत कोणी 'लिसन २०३.०.११३.१०:८०' लिहिलं, की त्या आयपीवर आलेली प्रत्येक विनंती सहावीकडेच जाते. बाकी पाचांची सर्व्हर_नेम बघितलीही जात नाहीत. सगळं कॉन्फिगरेशन एकत्र बघायला 'इंजिनएक्स -टी' चालवा, मोठ्या लिपीतला टी. छोटा टी फक्त तपासतो.

डिफॉल्ट_सर्व्हर कुठेच लिहिलं नसेल, तर त्या पत्ता-पोर्टाचा सगळ्यात आधी वाचलेला ब्लॉक (एका साइटचं कॉन्फिगरेशन) डिफॉल्ट होतो. कॉन्फ.डी मधल्या फायली अक्षरानुक्रमे वाचल्या जातात, त्यामुळे 'ए'ने सुरू होणारी नवी फाइल टाकली की अनोळखी डोमेनची विनंती भलत्याच साइटवर जाते. ८० साठी 'लिसन ८० डिफॉल्ट_सर्व्हर' आणि 'रिटर्न ४४४' (उत्तर न देता जोडणी बंद) असा वेगळा ब्लॉक ठेवा. ४४३ च्या तशाच ब्लॉकमध्ये 'एसएसएल_रिजेक्ट_हँडशेक ऑन' द्या. हे १.१९.४ पासून आहे, आणि त्या ब्लॉकला सर्टिफिकेट लागत नाही.

पोर्टवाला
बाइंड (पत्ता-पोर्ट ताब्यात घेणं) अयशस्वी झालं की एरर लॉगमधला कंसातला आकडा आधी वाचा.

९८: पत्ता वापरात. 'एसएस -एलटीएनपी' चालवून पोर्ट कोणाकडे आहे ते बघा. युनिक्स सॉकेट (पोर्टाऐवजी फाइलवर ऐकणारा) असेल आणि प्रक्रिया किल -९ ने मारली असेल, तर सॉकेटची फाइल मागे राहते आणि हाच आकडा येतो. फाइल काढून टाका.

९९: तो आयपी या मशीनवर नाही. कीपअलाइव्हडीचा (एक मशीन पडलं की आयपी दुसऱ्यावर नेणारी सेवा) फिरता आयपी राखीव मशीनवर नसतोच, म्हणून तिथे 'नेट.आयपीव्ही४.आयपी_नॉनलोकल_बाइंड' १ करावं लागतं.

१३: परवानगी नाही. रूट नसताना १०२४ खालचा पोर्ट मागितलात, किंवा एसईलिनक्स (लिनक्सची सुरक्षा-यंत्रणा) आडवा आला. रूट असूनही ८०८९ सारख्या पोर्टवर १३ आला तर एसईलिनक्सचंच कारण धरा आणि 'सेमॅनेज पोर्ट'ने तो पोर्ट एचटीटीपी_पोर्ट_टी मध्ये घाला. एसईलिनक्स बंद करून मोकळं होणं हा उपाय नव्हे.

आता फसवा प्रकार. 'लिसन ८०' बदलून 'लिसन २०३.०.११३.१०:८०' केलं. छोट्या टीची तपासणी पास. रीलोडही मुकाट झाला. चालू आहे मात्र जुनंच. एरर लॉगमध्ये ९८ पाच वेळा आणि शेवटी 'स्टिल कुड नॉट बाइंड'. कारण असं की रीलोडमध्ये नवे सॉकेट आधी उघडतात आणि जुने नंतर बंद होतात. जुना सॉकेट सगळ्या पत्त्यांचा ८० अडवून बसलेला असताना लिनक्स त्याच पोर्टवर एका आयपीचा वेगळा सॉकेट देत नाही. तपासणी तरी का पास होते? तिथे ९८ मुद्दाम माफ केलेला आहे, नाहीतर चालू सर्व्हरवर ती कधीच पास झाली नसती. इथे पूर्ण रीस्टार्टच लागतो.

सहा_कोलन
आयपीव्ही६ बद्दल दोनच ओळी. इंजिनएक्स १.३.४ पासून 'आयपीव्ही६ओन्ली' मुळातच ऑन आहे, म्हणून '[::]:४४३' लिहिलं की आयपीव्ही४ आपोआप येत नाही. दोन्ही लिसन लिहा. एचएप्रॉक्सीत 'बाइंड [::]:४४३ व्ही४व्ही६' एका ओळीत भागतं.

डीएनएसमध्ये एएएए (आयपीव्ही६ पत्त्याची) नोंद आहे आणि लिसन फक्त आयपीव्ही४ चं, तरी ब्राउझर दुसरा पत्ता वापरून निभावून नेतो. तक्रार येते ती जुन्या स्क्रिप्टकडून.

रांगेतला
बॅकलॉग, म्हणजे स्वीकारायच्या राहिलेल्या जोडण्यांची रांग. लिनक्सवर इंजिनएक्स स्वतःहून ५११ मागतो, पण कर्नल 'नेट.कोअर.सोमॅक्सकॉन'पेक्षा जास्त देत नाही. ५.४ च्या आधीच्या कर्नलवर ते १२८ होतं, ५.४ पासून ४०९६.

'एसएस -एलटीएन' मध्ये लिसन स्थितीतल्या ओळीवर सेंड-क्यू म्हणजे रांगेची मर्यादा आणि रिसीव्ह-क्यू म्हणजे आत्ता ताटकळणाऱ्या जोडण्या. समजा रिसीव्ह-क्यू १२९ आणि सेंड-क्यू १२८ दिसलं, तर रांग तुडुंब आहे. सोबत 'एनस्टॅट -एझेड' मध्ये लिसनओव्हरफ्लोज वाढतंय का बघा. ग्राहकाच्या बाजूला लक्षण ठरलेलं: जोडणीला १, ३ किंवा ७ सेकंद, कारण ६.५ च्या आधीच्या लिनक्स कर्नलवर सिन (जोडणी मागणारं पहिलं) पाकीट १, मग २, मग ४ सेकंदांनी पुन्हा जातं. अ‍ॅपचा लॉग तेव्हा अगदी स्वच्छ असतो, म्हणून लोक भलतीकडे शोधत बसतात.

सोमॅक्सकॉन वाढवून नुसता रीलोड केला तर फरक पडत नाही. लिसनमधला बॅकलॉगचा आकडाही बदला, म्हणजे रीलोडमध्ये सॉकेटवर नवी मर्यादा बसते, नाहीतर रीस्टार्ट. कंटेनरला स्वतःचं सोमॅक्सकॉन असतं, होस्टवरचं लागू होत नाही.

एक सदस्य
@रांगेतला, रीयूजपोर्टही सांगा की.

रांगेतला
१.९.१ पासून आहे, कर्नल ३.९ पासून पुढचा हवा. प्रत्येक वर्करला (इंजिनएक्सची काम करणारी प्रक्रिया) स्वतंत्र सॉकेट मिळतो. तोटा असा की एखादा वर्कर अडकला तर त्याच्या रांगेतल्या जोडण्या दुसरा उचलत नाही. वर्कर कमी करून रीलोड केला तर काढलेल्या वर्करच्या रांगेतल्या जोडण्या तुटतात. भार बेताचा असेल तर नकोच.

खरा_आयपी
प्रॉक्सी प्रोटोकॉल (ग्राहकाचा खरा आयपी मागच्या सर्व्हरला कळवणारं हेडर) दोन्ही टोकांना एकदमच चालू करावा लागतो. पुढचा एचएप्रॉक्सी 'सेंड-प्रॉक्सी' करतोय आणि मागच्या लिसनवर 'प्रॉक्सी_प्रोटोकॉल' नाही, तर साध्या एचटीटीपीवर ४०० येतो आणि अ‍ॅक्सेस लॉगमध्ये विनंतीच्या जागी 'प्रॉक्सी टीसीपी४' ने सुरू होणारी ओळ दिसते. उलट असेल तर एरर लॉगमध्ये 'ब्रोकन हेडर'.

हा पर्याय साइटचा नसून सॉकेटचा आहे. ४४३ वर दहा साइट्स असतील आणि एकीत लिहिला, तर दहाही साइट्सना ते हेडर लागतं. निम्म्या साइट्स थेट आणि निम्म्या लोड बॅलन्सरमागून येत असतील तर बॅलन्सरसाठी ८४४३ सारखा वेगळा पोर्ट काढा.

पुढे 'रिअल_आयपी_हेडर प्रॉक्सी_प्रोटोकॉल' आणि 'सेट_रिअल_आयपी_फ्रॉम' मध्ये फक्त बॅलन्सरचा आयपी. तिथे ०.०.०.०/० लिहून पोर्ट जगाला उघडा ठेवला, तर कोणीही हवा तो आयपी सांगून आत येईल. तपासायला कर्लचा 'एचएप्रॉक्सी-प्रोटोकॉल' पर्याय आहे. एचएप्रॉक्सीत आरोग्य तपासणीला वेगळा पोर्ट दिला असेल तर 'चेक-सेंड-प्रॉक्सी' निराळं लिहावं लागतं, नाहीतर धडधाकट सर्व्हर डाउन दिसतो.

पोर्टवाला
आणखी एक, डॉकरवाल्यांसाठी. '८०८०:८०' असा पोर्ट काढला की तो सगळ्या पत्त्यांवर उघडतो, आणि डॉकर स्वतःचे आयपीटेबल्स नियम घालत असल्याने यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये बंद केलेला पोर्टही बाहेरून लागतो. प्रॉक्सी त्याच मशीनवर असेल तर '१२७.०.०.१:८०८०:८०' लिहा. कंटेनरच्या आत मात्र अ‍ॅप ०.०.०.० वरच ऐकायला हवं. तिथे १२७.०.०.१ ठेवलं की प्रॉक्सीकडून ५०२ (मागचा सर्व्हर उत्तर देत नाही).