मदत हवी आहे: पाऊस सुरू झाला की घाबरणारी मुलं

नमस्कार मंडळी, मी महाडजवळच्या एका गावात रविवारी मुलांचा अभ्यासवर्ग घेते. २२ जुलै २०२१ ला महाडमधे पूर आला, तळीयेला दरड कोसळली, तेव्हा आमची ही मुलं अगदी लहान होती. आता मोठी झालीत पण रात्री पावसाचा जोर वाढला की काहीजण झोपतच नाहीत, एक मुलगा तर दप्तर उशाशी घेऊन बसतो आणि आईला सारखं विचारतो डोंगर खाली येणार का. घरचे म्हणतात होईल मोठा तसा विसरेल, मला नाही तसं वाटत.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन केला होता, मराठीत नीट बोलले, पण त्या मुलाला फोनवर बोलायचंच नाहीये. चित्रं मात्र भरपूर काढतो. म्हणून वाटतंय की गावातच काहीतरी सुरू करावं, अंगणवाडी ताई, आशाताई आणि दोन आज्या तयार आहेत. मुलांसोबत असं काम कोणी केलंय का? खेळ, गोष्टी कशा घ्यायच्या, आणि पुराबद्दल आपणहून विचारायचं की मुलं बोलेपर्यंत थांबायचं? रायगडात येऊन आम्हाला दोन दिवस शिकवणारं कोणी माहीत असेल तर प्लीज सांगा, पावसाळ्याआधी करायचंय.