मोकळ्या तासाचं पोरं करतात काय?

सागरमाळकर:
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा परिसर 853 एकर. बॅ. खर्डेकरांच्या नावाचं ग्रंथालय, मैदान, वनस्पती उद्यान, वि. स. खांडेकरांचं स्मृती संग्रहालय. ज्ञानपीठ मिळालेला पहिला मराठी लेखक, त्याचं संग्रहालय वर्गापासून चालत जाण्याजोगं, आणि पोरं तिथं जातात ती गावाकडचे पाहुणे आले की! एरवी तास मोकळा मिळाला की चहा, नाहीतर गाडीवर रेलून रील. सकाळी फिरायला येणारे आम्ही पेन्शनरच या जागेचा जास्त फायदा घेतो. फी मात्र तुमची.

मुरगूडकरीण:
काका, तुमची सकाळ मोकळी म्हणून बरं दिसतं. मी पहाटे उठून डबा करून एसटीनं येते, स्टँडवर उतरून पुन्हा केएमटी, म्हणजे शहरातली बस. शेवटचं लेक्चर सुटलं की गाडी गाठायची, चुकली तर घरी बोलणी. मधे सापडतो तो पाऊण तास. त्यात ग्रंथालयात जायचं, बॅग ठेवायची, पुस्तक शोधायचं, की भाकरी खायची? मी झाडाखाली भाकरी खाते. लांबून तुम्हाला तेच 'टाइमपास' दिसत असणार.

पेठेतला_भावा:
ताईंचं बरोबर, पण सगळेच काय मुरगूडहून येत नाहीत. हॉस्टेलची पोरं संध्याकाळी काय करतात ते बघा की. आमच्यातली निम्मी रंकाळ्यावर. मैदान दारात असताना तिथं भेळ खायला जायचं!

जिमखाना_बंद:
मैदानाचं राहू दे भावा. मी दुसऱ्या कॉलेजात आहे, नाव घेत नाही. टेबल टेनिसची रॅकेट मागायला गेलो. शिपाई म्हणाला, सर आल्यावर. सर म्हणाले, अर्ज द्या. अर्ज दिला, सही झाली, कपाट उघडलं. रॅकेट निघाली, चेंडू निघाला तो चिरलेला. नवा चेंडू पुढच्या खरेदीत! त्यापेक्षा कट्टा बरा, त्याला किल्ली लागत नाही.

सागरमाळकर:
सबबी आहेत सगळ्या. आमच्या वेळी कर्मवीर भाऊराव पाटलांच्या शाळांतली पोरं कमवा आणि शिका करून, शेतात राबून शिकली. वाचायला वेळ त्यांनी काढलाच ना?

कमवा_शिकवाला:
काका, ती योजना आजही चालू आहे, मी तिच्यातच आहे. लेक्चर संपलं की काम, काम संपलं की मेस. ग्रंथालयात रोज जातो, पण पुस्तकांवरची धूळ झटकायला. त्यातच दोन पानं वाचून होतात, साहेब दिसले की फडकं पुन्हा चालू. अभ्यासिकेत जागा मिळाली तरी शेजारी सगळी एमपीएससीवाली, खोकलं तरी वळून बघतात.

पेठेतला_भावा:
हा हा, खरंय! पण एक सांगतो, कट्ट्याला नावं ठेवू नका. युवा महोत्सवाचं आमचं मूकनाट्य तिथंच बसलं. हॉल मिळेपर्यंत थांबलो असतो तर महोत्सव उरकला असता.

सागरमाळकर:
मूकनाट्य वर्षातून एकदा. बाकीचे दिवस काय?

मुरगूडकरीण:
बाकीचे दिवस एसटी. बरं काका, ते खांडेकर संग्रहालय शनिवारी उघडं असतं का? शनिवारी आमचं एकच लेक्चर असतं.