मुतखड्यासाठी काढलेल्या सीटी स्कॅनवरून हाडांची घनता तपासून घेता येईल का? (ठाणे)

नमस्कार.

माझ्या सासूबाईंचे वय ७२ असून आम्ही ठाण्यात कोपरीला राहतो. मुतखड्याच्या दुखण्यामुळे नुकताच त्यांच्या पोटाचा सीटी स्कॅन झाला, तोही शिरेतून कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक दिसण्यासाठीचे औषध) न देता. खड्याचे निदान झाले, उपचारही सुरू आहेत. हाडांबद्दल मात्र अहवालात कमरेच्या मणक्यांची वयोमानानुसार झीज एवढाच उल्लेख आहे. दम्यासाठी त्यांना अनेक वर्षे अधूनमधून स्टिरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या आणि त्यांची उंचीही कमी झाल्यासारखी दिसते, म्हणून ऑस्टिओपोरोसिसची, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याच्या आजाराची, शंका येते.

सीटीमध्ये पाण्याला शून्य आणि हवेला उणे १००० धरून प्रत्येक ऊतीची घनता हॉन्सफिल्ड एककात मिळते, आणि कमरेच्या पहिल्या मणक्याच्या, म्हणजे एल-१च्या, आतील जाळीदार हाडाचे हे मूल्य अस्थिघनतेचा अंदाज देते, असे वाचनात आले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या २०१३ सालच्या अभ्यासात, सीटी आणि डेक्सा (हाडांची घनता मोजणारी नेहमीची क्ष-किरण तपासणी) अशा दोन्ही तपासण्या झालेल्या १,८६७ प्रौढांची तुलना केली होती. त्यानुसार मूल्य १६०च्या वर असेल तर ऑस्टिओपोरोसिसची शक्यता कमी आणि ११०च्या खाली असेल तर बरीच जास्त मानता येते. त्याच अभ्यासात मणक्याला मध्यम किंवा गंभीर फ्रॅक्चर असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांचा डेक्सावरील टी-स्कोअर (निरोगी तरुण व्यक्तीच्या तुलनेत अस्थिघनता किती, हे सांगणारा आकडा) ऑस्टिओपोरोसिस ठरवणाऱ्या उणे २.५ या मर्यादेपर्यंत उतरलेलाच नव्हता, आणि माझी खरी अडचण इथेच आहे. झिजलेल्या मणक्यांवर वाढलेले हाड आणि महाधमनीच्या भिंतीतील कॅल्शियम डेक्साच्या सपाट चित्रात एकत्र मोजले जाते, त्यामुळे सासूबाईंचा आकडा फसवा चांगला येईल अशी भीती वाटते.

तेव्हा जुन्याच स्कॅनवरून हे मोजून देण्याची विनंती रेडिओलॉजिस्टना करणे रीतसर ठरेल का, आणि त्या आकड्यावर अस्थिरोगतज्ज्ञ औषध सुरू करतात का? पैसे आणि क्ष-किरण दोन्ही आधीच खर्च झालेले असताना ही माहिती सीडीत पडून राहावी, हे मला तरी पटत नाही.

प्रतिसाद

विनंती अवश्य करावी. मी वाशीत याच क्षेत्रात काम करतो. मोजणीपेक्षाही आधी मणक्यांचे बाजूने दिसणारे, म्हणजे सॅजिटल, चित्र पुन्हा पाहायला सांगा. मुतखडा शोधताना दबलेला मणका नजरेतून सुटू शकतो आणि उंची घटलेली असताना ते पाहणे अधिकच आवश्यक आहे. मोठा मार न लागता मणका दबलेला आढळला आणि गाठीसारखे दुसरे कारण नसले, तर टी-स्कोअर काहीही असो, उपचारांचा विचार होतो.

एल-१चा आकडा यंत्राच्या व्होल्टेजप्रमाणे बदलतो. तुम्ही दिलेल्या १६० आणि ११० या मर्यादा १२० केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) स्कॅनसाठी आहेत, त्यामुळे तेवढे तपासून घ्या. कॉन्ट्रास्ट दिलेले नाही, हे मोजणीच्या दृष्टीने बरेच झाले. तरीही केवळ या आकड्यावर औषध सुरू करण्याऐवजी डेक्सा करून घेणे योग्य. त्यात खुब्याचे मापन आवर्जून मागा, कारण कमरेच्या झिजेचा त्यावर परिणाम होत नाही.

जाताना सीडीच न्या. छापील फिल्मवरून ही मोजणी होत नाही.